पालकांचा नंबर

दूध उतरवायच्या धक्क्यावर सत्तावीस कॅन होते. चोवीस अॅल्युमिनियमचे, तीन स्टीलचे. दोन कॅनना दुसऱ्यांचीच झाकणं होती आणि एकाच्या कडेला पोचा होता. सिकंदरच्या हातात झाकणं उचकटायचा लाकडी हातोडा एक. संयोगिताच्या हातात नमुन्याच्या बाटल्यांचा ट्रे, त्यात तीस कप्पे. म्हणजे तीन मोकळे राहणार होते. तिनं हे सगळं दोनदा मोजलं. मोजायची काही गरज नव्हती, पण मोजत असताना दुसरं काही करावं लागत नव्हतं.

मलकापूरच्या या डेअरीत दूध यंत्राखाली जाण्याआधी नाकाखालून जायचं. सिकंदर झाकण उचकटून उलटं धरायचा, संयोगिता वाकून वास घ्यायची आणि म्हणायची, "ठीक" किंवा "बाजूला". बाजूला काढलेल्या कॅनमधलं थोडं दूध परीक्षानळीत उकळून बघायचं. फुटलं तर कॅन गावाला परत. फॅट आणि बाकीचं सगळं यंत्र सांगतं, पण आंबूस वास माणसाला आधी कळतो. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून नाकाने काम करायचं, यावर सिकंदर पहिल्या दिवसापासून हसत आला होता.

"मॅडम, एवढं शिकून शेवटी वासच घ्यायचा व्हय? आमची अम्मी बिनशिकता घेती."

पूर्वी ती त्याला उत्तर द्यायची. हल्ली देत नव्हती, आणि दोन-चार दिवस वाट बघून सिकंदरनंही विचारणं सोडलं होतं.

त्या दिवशी एकोणिसाव्या कॅनला तिनं "ठीक" म्हटलं. सिकंदरनं कॅन हौदात रिकामा केला आणि हातोडा तसाच धरून उभा राहिला.

"मॅडम, ह्याला वास हुता."

तिनं हौदातलं दूध उकळून बघितलं. फुटलं. हौदातलं सगळं दूध बाजूला काढावं लागलं. साहेब येऊन जे बोलायचं ते बोलून गेले. तिनं ऐकून घेतलं, ट्रे धुतला, बाटल्या पालथ्या घातल्या.

नाकाने दगा दिला असता तर तिला समजलं असतं. सर्दी झाली असेल, असं म्हणता आलं असतं. पण वास तिला आला होता. आंबूस आहे हे तिला स्पष्ट कळलं होतं आणि तरी तोंडातून "ठीक" बाहेर पडलं, कारण ठीक म्हटलं काय आणि बाजूला म्हटलं काय, त्यात काही फरक आहे असं तिला वाटलं नाही. एखाद्या प्रयोगातलं निरीक्षण नोंदवावं तसं तिनं हे मनात नोंदवलं. भीती वाटायला हवी होती. तीही वाटली नाही. हेही नोंदवलं.

कारण शोधायचा प्रयत्न तिनं करून पाहिला होता. घरात भांडण नव्हतं. नोकरी होती. प्रेमभंग वगैरे काही झालेलं नव्हतं. झोप कमी होती, पण ती कारण होती की परिणाम, ते ठरवता येत नव्हतं. दिवाळीनंतर कधीतरी हे सुरू झालं असावं. जेवण गिळलं जायचं, गाणं ऐकू यायचं, कुणी हसलं तर ते हसतंय हे दिसायचं. आणि दुपारी, काम उरकलं की, एक विचार अगदी शांतपणे शेजारी येऊन बसायचा: आपण नसलो तरी हा ट्रे दुसरं कुणीतरी भरेलच.

प्रयोगशाळेतल्या प्रथमोपचाराच्या पेटीवर एक स्टिकर होता. मागे एकदा आरोग्य शिबिराची माणसं लावून गेली होती. मानसिक आरोग्य मदतवाहिनी, नंबर आणि खाली एका हातात दुसरा हात. तो तिला कित्येक महिने रोज दिसत होता. मोबाइल कामाच्या वेळी कप्प्यात ठेवावा लागायचा, म्हणून दुपारी सगळे जेवायला गेल्यावर तिनं टेबलावरचा ऑफिसचा फोन उचलला. मदत मागायची असं काही तिच्या मनात नव्हतं. काय बोलतात ते बघू, एवढंच.

"नमस्कार, मी शिवांजली बोलतेय. नाव सांगितलंच पाहिजे असं नाही. बोला."

आवाज तरुण होता. तिच्याच वयाची असेल.

"मला काही होत नाही," संयोगिता म्हणाली.

"काही होत नाही म्हणजे?"

"म्हणजे तेच. काहीच होत नाही."

पलीकडून घाई झाली नाही. "मग आज फोन करावासा कशामुळे वाटला?"

संयोगितानं कॅनचं सांगितलं. तिची अपेक्षा होती की आता सकाळी उठून चालायला जा, चांगले विचार करा, असं काहीतरी येईल. ते आलं नाही. शिवांजलीनं विचारलं, "वास आला होता, तरी ठीक म्हणालात?"

"हो."

"आणि तुम्हाला तेच जास्त लागलं."

"लागलं नाही. लक्षात आलं."

"बरं. लक्षात आलं." मग त्याच आवाजात, जराही न अडखळता: "मरून जावं असं मनात येतं का?"

हा प्रश्न इतका सरळ विचारता येतो, हे संयोगिताला माहीत नव्हतं. सरळ विचारलेला असल्यामुळे उत्तरही सरळ गेलं.

"येतं. दुपारी."

"काही करायचं ठरवलंय?"

"नाही. ठरवायलाही काहीतरी वाटावं लागतं."

शिवांजलीनं आणखी विचारलं: आज संध्याकाळी कुठे असाल, सोबत कोण असेल, नुसतं शेजारी बसता येईल असं कुणी आहे का. घरमालकीण मनुबाई रोज मालिका बघत बसतात, असं संयोगिता म्हणाली. "मग आज त्यांच्याजवळ बसा. बोलायची गरज नाही. आणि तो विचार फार जवळ आला तर लगेच इथे फोन करायचा, कुठल्याही वेळी, एवढं कबूल करा." तिनं केलं. मग तिनं आपण होऊन नावही सांगितलं.

"मी तुम्हाला परत फोन केला तर चालेल? हा ऑफिसचा नंबर दिसतोय. कोणत्या नंबरवर करू?"

संयोगितानं दहा आकडे सांगितले. एका दमात, न थांबता.

"कधी?"

"शुक्रवारी. सुट्टी असते."

त्या संध्याकाळी ती मनुबाईंच्या जवळ जाऊन बसली. मनुबाईंनी तिच्याकडे न बघता शेंगांची परात मध्ये सरकवली.

सुट्टीला संयोगिता कुंडलला घरी जायची. कऱ्हाडहून एसटी, मग गावाच्या पाटीपासून घरापर्यंत चालत. आण्णा नेहमीप्रमाणे सोप्यात टीव्हीसमोर बसले होते. टीव्ही चालू, आवाज बंद. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यापासून ते असेच बसायचे, पहाटे उठून, दाराकडे तोंड करून. तोफखान्यात कानाचं नुकसान झालं होतं, म्हणून टीव्हीचा आवाज लावून उपयोग नाही, असं ते म्हणायचे. त्याच कानामुळे मोबाइल मात्र कायम स्पीकरवर.

त्यांच्या फोनला हल्ली विश्रांती नव्हती. तिचा फोटो आणि माहिती त्यांनी पाच तालुक्यांतल्या ग्रुपवर टाकली होती, आणि रोज कुठून ना कुठून स्थळाचा फोन यायचा. त्यांचं बोलणं ठरलेलं झालं होतं.

फोन वाजला तेव्हा संयोगिता आईबरोबर मटार सोलत होती.

"माजी हवालदार कृष्णात बोलतोय, कुंडल. बोला."

"नमस्कार, मी शिवांजली बोलतेय, साताऱ्याहून. संयोगिता आहेत का?"

संयोगिताच्या हातातली शेंग तशीच राहिली. आणि तेव्हा तिला कळलं की तिनं कुठला नंबर सांगितला होता. पाचवीच्या प्रवेशापासून वसतिगृहापर्यंत आणि वसतिगृहापासून नोकरीपर्यंत, जिथे जिथे कुणी टेबलामागून नंबर विचारला तिथे तिनं हेच दहा आकडे सांगितले होते. तोंडाला तेच माहीत होते.

"हाय की," आण्णा म्हणाले आणि ताठ बसले. आईला हातानेच खूण केली: टीव्ही बंद कर. "सातारा म्हंजे शहर का आसपास?"

"शहरातूनच. त्यांच्याशी बोलता येईल का?"

"येईल की, न यायला काय झालं? आमच्यात तसलं काय न्हाई. तरी मी आधी सांगतो. पोरगी एम.एस्सी. हाय, डेअरीत केमिस्ट हाय. उंची पाच-चार. तब्येत एकदम ठणठणीत, शाळेपासनं आजारपणाची रजा न्हाई. स्वभाव म्हणाल तर लय शांत. एवढ्यात तर फारच शांत झालीया."

पलीकडून शिवांजलीनं विचारलं, "कधीपासून?"

आण्णांचं ठरलेलं बोलणं इथपर्यंतच होतं. त्यांनी संयोगिताकडे बघितलं. "कवापासनं म्हंजे... आपलं, दिवाळीपासनं आसंल," ते म्हणाले, आणि आपण हे मोठ्याने का बोललो असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "घ्या, तिच्याशीच बोला."

संयोगितानं फोन घेतला, स्पीकर बंद केला आणि कानाला लावला. उठून बाहेर जाता आलं असतं. ते तिला सुचलं नाही. आई-आण्णा दोघंही समोर बसून राहिले, परीक्षेचा निकाल ऐकायला बसावं तसे.

"शेजारी कुणी आहे?" शिवांजलीनं विचारलं.

"हो."

"फक्त हो किंवा नाही म्हटलं तरी चालेल. तो विचार अजून येतो?"

"हो."

"आधीइतकाच?"

"नाही."

"जास्त?"

"हो."

आण्णांनी खूण केली: सरळ बस. आईनं स्वतःचा पदर नीट केला.

"आज तू सुरक्षित आहेस असं तुला वाटतं? सकाळपर्यंत?"

संयोगितानं खरंच विचार केला. परातीत सोललेले दाणे होते, आईची बोटं हिरवी झाली होती. "हो."

"घरच्यांना मी काही सांगणार नाही. तू म्हणालीस तरच. कुणाला कळलं तर चालेल?"

तिनं आण्णांकडे बघितलं. "माहीत नाही."

"माहीत न्हाई काय म्हणतीस?" आण्णा हळू आवाजात म्हणाले, त्यांचा हळू आवाज परड्यापर्यंत जायचा. "स्वैपाक इचारत असतील तर येतो म्हणून सांग. कोरड्यास तरी येतंय की न्हाई?"

"कुठं येतंय, मागल्या सुट्टीला आमटीत मीठच न्हवतं," आई म्हणाली. आण्णांनी तिच्याकडे डोळे वटारले.

शिवांजलीनं ते ऐकलं असावं. "त्यांना मी कोण वाटतेय?"

"पाहुणे."

"अच्छा." आवाजात हसू नव्हतं, पण जरा मोकळेपणा आला. "ऐक. मंगळवारी साताऱ्याला जिल्हा रुग्णालयात मनोविकाराचे डॉक्टर असतात. खोली कुठली ते तिथे खिडकीवर विचार. मी आज त्यांच्याशी बोलून ठेवते, म्हणजे तुला पहिल्यापासून सगळं सांगायला लागणार नाही. येशील?"

"बघते."

"बघते न्हाई," आण्णा म्हणाले. "बोलावत्यात तर येते म्हण. एवढं मायेनं कोण बोलावतंय आजकाल?"

"मंगळवारी साताऱ्याला येते," संयोगिता म्हणाली.

त्या रात्री आण्णांनी आईला सांगितलं, की मुलाची बहीण असावी, बोलणं गोड आहे, आडनाव मात्र विचारायचं राहिलं. संयोगिता पलीकडच्या खोलीत पडून ऐकत होती. खरं सांगायला हवं, हे तिला कळत होतं. एकोणिसाव्या कॅनचा वास कळला होता, तसंच.

सकाळी ती पिशवी भरत असताना आण्णांनी आडनाव विचारण्यासाठी कालच्या नंबरवर फोन लावला. अंगणात उभं राहून, स्पीकरवर.

"नमस्कार. मानसिक आरोग्य मदतवाहिनीमध्ये आपले स्वागत आहे. आपण किंवा आपल्या जवळची व्यक्ती मानसिक त्रासात असल्यास..."

आण्णा ऐकत राहिले. बाईचा ध्वनिमुद्रित आवाज शांतपणे सगळं सांगत गेला, एक दाबा, दोन दाबा, आणि शेवटी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. दुसऱ्या खेपेला त्यांनी स्पीकर बंद केला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी फोन कानाला लावलेला संयोगितानं पाहिला. मग ते गोठ्यामागे गेले.

खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती. आधी ते हातवारे करत होते. मग हात खाली गेला. मग बराच वेळ ते नुसते उभे होते, आणि म्हैस त्यांच्या खांद्यापाशी तोंड नेऊन हुंगत होती आणि ते तिला ढकलत नव्हते. संयोगिताची पिशवी भरून झाली. तिनं ती उघडून परत भरली.

ते आले तेव्हा आई दारातच होती. "आवं, काय म्हणतात पाहुणं?"

"पाहुणं चांगलं हायत," आण्णा म्हणाले. "मंगळवारी साताऱ्याला जायाचंय. मी जातो तिच्यासंगट."

"मीबी येते की मग. साडी..."

"साडी नको. तुला सांगतो मी सगळं. आधी च्या टाक."

आई आत गेली. आण्णांनी संयोगिताकडे न बघता पायातली चप्पल झटकली.

"त्या बाईनं तुझं नाव घेतलं न्हाई," ते म्हणाले. "मी लय इचारलं. माझीच पोरगी हाय, सांगा म्हटलं. सांगतच न्हाई. म्हणती, तिलाच इचारा. आमच्या सिग्नलवाल्याच्या वरताण."

संयोगिता उभी राहिली. आता काही वाटेल म्हणून तिनं वाट पाहिली. उन्हात पडलेली मटाराची टरफलं दिसली, शेणाचा वास आला.

"इचारू का?" आण्णा म्हणाले.

"काय?"

"तेच. जे ती इचारती."

"विचारा."

त्यांना विचारता आलं नाही. शेवटी तिनंच, तशाच सरळ आवाजात, सांगितलं.

ते खाली पायरीवर बसले. चपलेकडे बघत म्हणाले, "आज रजा टाक. मलकापूरला एकटी जाऊ नगंस. मंगळवारपतूर हितंच ऱ्हा." आणि मग, "मला वाटलं, दमतीस."

मंगळवारी एसटीत ते खिडकीपाशी बसले, तिला आतल्या बाजूला बसवून. उंब्रज आलं. मग आण्णा बाहेर बघतच म्हणाले, "आमच्या युनिटात रोज सांजच्याला हजेरी असायची. काय हाय? सब ठीक. रोज. शेजारच्या तंबूतला एक गडी आपल्या हातानं गेला, आदल्या सांजंलाबी सब ठीकच म्हणला हुता." गाडीनं एक गतिरोधक ओलांडला. "दुसऱ्या दिवशी माझी पाळी हुती सांगायची. मीबी तेच म्हणलो."

"तुम्ही कधी सांगितलं नाही."

"कुणी इचारलं न्हाई. शनवारी त्या बाईनं इचारलं. तुमी कसं हाय म्हणली."

"मग?"

"मग म्हणलो, सब ठीक. लगीच फोन ठिवला. मग परत लावला."

जिल्हा रुग्णालयात खिडकीवर विचारून खोली सापडली. डॉक्टरांना तिचं नाव माहीत होतं. शिवांजलीनं सांगून ठेवलं होतं. नऊ प्रश्न होते. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा: कशात मन लागलं नाही, झोप आली नाही, भूक गेली, असे. प्रत्येकाला शून्य ते तीन. नववा प्रश्न मरणाच्या विचाराचा. पद्धत संयोगिताला पटली. काहीच न वाटणंही त्यात मोजता येत होतं. सत्तावीसपैकी तिची बेरीज एकवीस झाली; दहाच्या वर गेली की उपचार लागतात, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या लगेच गुण दाखवत नाहीत हे सांगितलं, दर आठवड्याला समुपदेशनाला यायला सांगितलं आणि गोळ्या आण्णांच्या ताब्यात दिल्या. आण्णांनी त्या वरच्या खिशात ठेवून बटण लावलं.

बुधवारी शिवांजलीचा फोन आला, आण्णांच्याच मोबाइलवर. "नंबर बदलून घेऊ का? तुझा स्वतःचा दे."

संयोगितानं आपला नंबर मोबाइलमध्ये बघून सांगितला. "पण तोही राहू द्या," ती म्हणाली.

ती परत कामावर गेली. आण्णा मलकापूरला मनुबाईंच्या ओळखीनं शेजारची खोली घेऊन राहिले. म्हशीची धार आईकडे सोपवून आल्याबद्दल रोज फोनवर बोलणी खात होते, स्पीकरवर. धक्क्यावर ती बाटल्या भरायची. वास घ्यायचं काम सिकंदरनं न विचारताच आपल्याकडे घेतलं होतं. एका सकाळी त्याने "ठीक" म्हटलेल्या कॅनवर ती वाकली.

"बाजूला," ती म्हणाली.

"आता अम्मीच्या वरचं नाक झालं का?" सिकंदर म्हणाला.

"अम्मीला विचारून सांग."

सिकंदरनं हातोडा खांद्यावर टाकला आणि कॅन बाजूला ओढला.

सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी तेच नऊ प्रश्न पुन्हा काढले. आण्णा दाराशी उभे होते.

"तुम्हालाही विचारू?" डॉक्टर म्हणाले.

"इचारा की," आण्णा म्हणाले. "एवढ्या लांबनं आलोय, तर दोघांचं हून जाऊ दे."

ते तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. त्यांना ऐकू जावं म्हणून डॉक्टरांनी प्रश्न मोठ्याने वाचले. प्रत्येक प्रश्नाला आधी संयोगितानं उत्तर दिलं, मग आण्णांनी. नवव्याला ती म्हणाली, "एक." आण्णाही म्हणाले, "एक."

डॉक्टरांनी बेरीज केली. संयोगिताची पंधरा आली. आण्णांची तेरा.